पैलवानाच्या गळ्यातलं उपरणं

माझे सगळे व्यवहार माझ्या बायकोला ठाऊक आहेत. कुठला बैल कुठून आणला, कोणाच्या गळ्यात मारला, कोणाला कशी टोपी घातली, सगळे. हा एक तेवढा नाही. तिला सांगितला नाही, पोरांना नाही, आणि देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही तोंडातून निघाला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही — हे आधीच मान्य केलेलं बरं.

मी हेडी. म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करणारा. नगरजवळच्या केडगावच्या पुढे, पुण्याच्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. बाप लवकर गेला. दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढत मोठा झालो, आणि पुढे त्याच गोठ्यांतले बैल मोल करून सोडवून नेले. कोणाचा आधार घेतला नाही. तोंडाने तिखट आहे, डोक्यात राख पटकन जाते. लोक तसं म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत.

या धंद्यात माझा एक जोडीदार होता, रंगनाथ. माझ्याच वयाचा, दोन शेतं पलीकडे राहणारा. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबायची. कुठलं बोट, किती बोटं, त्यावरून आकडा. वर तोंडं हसतात, पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात. खाली हात भांडत असतात. रंगनाथच्या उजव्या हाताला बाजारात मान होता. त्याच्या बोटांनी शब्द दिला की माणूस पुन्हा विचारत नसे. माझ्या बोटांना लोक दोनदा विचारत. असो.

आणि कुत्रं. घोडेगावच्या बाजारात जनावरांच्या पायांत सापडता सापडता वाचलेलं एक मरतुकडं पिल्लू आम्ही दोघांनी उचलून आणलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं, म्हणून रंगनाथने त्याचं नाव ठेवलं पैलवान. ते दोघांचं झालं. भाकरी रंगनाथच्या दारात खायचं, झोपायचं माझ्या गोठ्यात. कोणाचं, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

मग बाहत्तर साल उजाडलं. त्या सालाबद्दल मी काही सांगायची गरज आहे का? चारा संपला, पाणी संपलं. बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि ओढ्यात पाण्याऐवजी मेलेली गुरं पडलेली असायची. त्या दिवसांत मी एक बैल बाजारात उभा केला होता. देखणा, पांढराशुभ्र — पण ओझ्याला बसायचा. गाडी भरली की मध्येच गुडघे टेकायचा, मग मारून टाका, उठायचा नाही. राहुरीकडचा एक पाहुणा त्याच्यावर भाळला होता. उपरण्याखाली आमचा हात जवळजवळ जमला होता. तेवढ्यात बाजूला उभा असलेला रंगनाथ बोलला.

“पावनं, ह्यो बैल वझ्याला बसतो. आता तुमचं तुमी बगा.”

दुसऱ्याच्या जनावराची खोड आपण बोलायची नाही — हा आमच्या बाजाराचा कायदा आहे. लेखी नाही, पण कायदा. आणि जोडीदारानेच तो मोडायचा? भर बाजारात? मी त्याच्या आईबापाचा उद्धार केला. तो एवढंच म्हणाला की त्या माणसाकडे एकच बैल उरला आहे, त्याची ही जोड फसली तर तो बसला. मी म्हटलं, बसू दे. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. खरं सांगू? आज एवढी वर्षं गेली, पण रंगनाथने तिथे तोंड उघडायला नको होतं, असंच मला वाटतं. ती गोष्ट मी विसरलेलो नाही. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा. सबब म्हणून नाही, मी कसा माणूस आहे ते कळावं म्हणून.

माणसं दोन बाजूंना गेली. बायका पाणी भरायला वेगवेगळ्या वेळी जाऊ लागल्या. कुत्रं मात्र पहिल्यासारखंच. सकाळी त्याच्या दारात, संध्याकाळी माझ्या गोठ्यात. मी एकदा त्याला दगड मारला — तिकडेच मर म्हणून. ते जरा लांब जाऊन बसलं, आणि दिवेलागणीला परत आलं. शेपटी हलवत. आमच्या धंद्यात जो पहिला हात पुढे करतो तो गरजू ठरतो, त्याचा भाव पडतो. हे जनावर रोज दोन्ही दारांत पहिला हात पुढे करत होतं. मला त्याची चीड येई. कशाची येत होती ती चीड? तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

रंगनाथ त्या उन्हाळ्यात विहीर खोल करायला लागला होता. कोरडी ठाक विहीर, बाजूने उतरायला खोदलेल्या पायऱ्या. आधी असलं काम आम्ही दोघं मिळून करायचो. एकाने पहार लावायची, दुसऱ्याने दगड सावरायचा. आता तो एकटाच उतरायचा. त्याची बायको-पोरं खडीवर गेलेली. मला हे सगळं माहीत होतं. माझ्या गोठ्यातून पहारीचा आवाज ऐकू यायचा.

त्या दुपारी मी गोठ्यात बैलाच्या शिंगांना हिंगूळ, म्हणजे तांबडा रंग, लावत होतो, बाजारासाठी. पैलवान धावत आलं. इतक्या दुपारी ते कधी येत नसे. त्याच्या गळ्याला उपरणं बांधलेलं होतं. रंगनाथचं, निळ्या काठाचं. याच उपरण्याखाली आम्ही किती सौदे केले असतील. उपरण्यावर तांबडे डाग होते. कुत्रं माझ्या धोतराला धरून ओढायला लागलं, दारापर्यंत जायचं, वळून बघायचं, परत यायचं.

पुढे बरीच वर्षं मी मनाशी जे बोलत आलो ते आधी सांगतो. रंगनाथने उपरणं पाठवलं, म्हणजे त्याला समेट करायचा आहे — आमच्यात उपरणं टाकणं म्हणजे बोलणी सुरू करणं. पण स्वतः यायला जड वाटतंय, म्हणून कुत्र्याला पुढे केलं. बरं झालं. आला गुडघ्यावर. आता बसू दे थोडा, भाव अजून खाली येईल. आणि डाग? डाग हिंगुळाचे. बाजार जवळ आला होता, तोही शिंगं रंगवतच असणार. ही माझी समजूत. ऐकायला ठीक आहे ना? हेड्याची चूक वाटावी अशी.

पण —

पण मी जन्मभर हिंगूळ हाताळला आहे. हिंगूळ वाळून काळा पडत नाही. मी ती गाठ सोडली तेव्हा कडेचा डाग काळपट, कडक झाला होता, आणि मधला अजून ओला होता. गाठही सरळ नव्हती. एका हाताने आणि दातांनी ओढून बांधलेली गाठ कशी असते ते मला कळतं. आणि पहारीचा आवाज सकाळी येत होता, आता येत नव्हता. हे सगळं मला त्याच वेळी कळलं. सगळं. उशिरा नाही, नंतर नाही. गाठ सोडता सोडता.

मी उपरणं गव्हाणीत टाकलं. बैलाचं दावं घेतलं आणि कुत्र्याला खांबाला बांधलं. मग राहिलेलं शिंग रंगवलं.

ते भुंकत होतं. दावं ताणून ताणून गळ्याचे केस गेले. उन्हं उतरेपर्यंत भुंकलं, आणि मग गप्प झालं. भुंकणं मी सहन केलं होतं. ते गप्प झाल्यावर मला बसवेना. दावं सोडलं. मला वाटलं, चावेल. चावलं नाही. माझा हात एकदा चाटला आणि पुढे पळालं. मी मागे पडलो की थांबून वाट बघायचं.

रंगनाथ विहिरीच्या तळाशी बसला होता. उजवा हात मनगटापर्यंत दगडाखाली. शुद्धीवर होता. पैलवान आधी खाली पोहोचलं आणि त्याचं तोंड चाटायला लागलं, तर त्याने डाव्या हाताने त्याला ढकललं. मी पहार घालून दगड उचलला. तो ओरडला नाही. हात छातीशी घेऊन म्हणाला,

“ह्याला तुझ्याकडं धाडलं हुतं रं. उपरनं बांधून. आलतं का?”

विचार करायला मला किती वेळ लागला? काहीच नाही. बाजारात लागतो तेवढासुद्धा नाही.

“न्हाई,” मी म्हटलं. “हितं येताना वाटंत दिसलं. वढ्यातल्या मढ्यावर बसलं हुतं खात. गळ्यात उपरनं न्हवतं.”

“आन् तू कसा आलास?”

“असाच. पहारीचा आवाज यीना, म्हनून आलो.”

रंगनाथ रडला. विहिरीत हात चेचून अर्धा दिवस बसला तेव्हा रडला नव्हता, तो आता रडला. म्हणाला, “कुत्र्यापरीस मानूस बरा, दगडू.”

त्याला पाठीवर घेऊन वर आणलं. गाडी जुंपली, रस्त्यावरून ट्रक मिळाला, नगरच्या दवाखान्यात नेलं. बोटं काढावी लागली. अंगठा तेवढा राहिला. हात फार वेळ दाबला गेला, लवकर आणला असता तर काही वाचवता आलं असतं, असं डॉक्टर बोलले. ते रंगनाथच्या बायकोला सांगत होते. मी शेजारीच उभा होतो. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला.

उपरणं मी दुसऱ्या दिवशी पाणी तापवायच्या चुलीत घातलं.

आमचं भांडण मिटलं. नुसतं मिटलं नाही — गावात आमच्या मैत्रीचा दाखला द्यायला लागले. रंगनाथला आता उपरण्याखाली बोलता येत नव्हतं, बोटंच नव्हती. बाजारात तो माझ्या शेजारी बसायचा, त्याच्या वतीने मी हात घालायचो. आणि लोक माझ्या बोटांना दुसऱ्यांदा विचारेनासे झाले. भांडणातसुद्धा धावून जाणारा माणूस, त्याचा शब्द कसा खोटा असेल? माझा धंदा वाढला तो तिथून.

पैलवानाला रंगनाथने पुन्हा दारात उभं केलं नाही. डाव्या हाताने दगड मारायचा. डाव्या हाताचा नेम धड नव्हता, तरी मारायचा. कुत्रं रोज सकाळी जायचं आणि दगड पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर बसायचं. तो शेतात निघाला की लांबून मागे मागे. तो विहिरीत उतरला की काठावर. संध्याकाळी माझ्या गोठ्यात यायचं, ज्या खांबाला मी बांधलं होतं त्याच्याच बुडाशी झोपायचं, आणि मला बघून शेपटी हलवायचं. ज्याच्यासाठी भुंकलं त्याने हाकललं, ज्याने बांधलं त्याच्या दारात निजलं. दोघांपैकी कोणाचाही त्याने राग धरला नाही. मला एका बैलापायी एवढी वर्षं धरता आला. म्हातारं होऊन मेलं. बांधाला मीच पुरलं. गळ्याभोवतीचे केस शेवटपर्यंत आले नव्हते.

रंगनाथलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो होता तोवर ही गोष्ट सगळीकडे सांगायचा — बाजारात, लग्नात, चहाच्या दुकानात. शेवट ठरलेला: खोटं वाटत असंल तर इचारा दगडूला. आणि लोक माझ्याकडे बघायचे.

त्याच्या शेवटच्या वर्षातलं एक सांगतो आणि थांबतो. मी त्याच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. त्याची नात कुठूनसं एक पिल्लू छातीशी धरून घेऊन आली. पाळायचं म्हणाली. रंगनाथने अंगठ्याने माझ्याकडे खूण केली.

“कुत्र्याचा भरवसा न्हाई, बाय. इचार ह्या आज्याला.”

पोर माझ्याकडे बघत राहिली. मी बशीतला चहा संपवला.

“खरं हाय,” म्हटलं.

तिने पिल्लू खाली ठेवलं. ते सरळ माझ्याकडे आलं आणि माझी वहाण हुंगायला लागलं. मी पाय आखडून घेतला.