ऐंशीवर लावलेली गाडी

उदयसिंहरावांना चप्पल घालून गाडी चालवताना कुणी पाहिलं नव्हतं. दार उघडलं की आधी चपला काढायच्या, सीटखाली सारायच्या आणि अनवाणी आत बसायचं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. घोडे गेले, पागा गेली, पण खंडेनवमीला घरातल्या तलवारीबरोबर वाहनाची पूजा व्हायची ती होतच राहिली. आजोबांच्या सायकलची झाली, वडिलांच्या स्कूटरची झाली, आता या जुन्या गाडीची व्हायची. जिला हळदकुंकू वाहिलं तिला जोडा कसा लावायचा, एवढंच त्यांचं म्हणणं.

गाडी मूळची कंपनीतल्या मोठ्या साहेबांची. उदयसिंहराव तिच्यावर ड्रायव्हर होते आणि साहेबांनी नवी घेतली तेव्हा ही त्यांनी मागून घेतली. तिच्यात क्रूझ कंट्रोल होतं. हव्या त्या वेगाला स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की गाडी तो वेग आपला आपण धरून ठेवते, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला तरी चालते. ब्रेकला पाय लागला की मात्र सोडून देते. बडोद्याच्या गर्दीत त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पाहुण्यांना दाखवायचं खेळणं होतं ते. मग त्यांच्या पत्नीला, मोहनाताईंना पोटाचा कॅन्सर निघाला आणि त्या खेळण्याचं औषध झालं.

दर तीन आठवड्यांनी केमोसाठी अहमदाबादला जायचं असे. गाडी जरा दाबली, जरा सोडली, की मोहनाताईंच्या पोटात ढवळून यायचं. एक्स्प्रेसवेवर ऐंशीवर लावली तर त्यांना निदान पडून राहता यायचं. "तुम्ही न्याल तरच जाईन मी," त्यांनी पहिल्याच खेपेला सांगून टाकलं होतं. "परक्या माणसासमोर मला ओकायचं नाही." दारात भाजीवाला आला तरी केस सारखे करून बाहेर येणारी बाई ती. आता डोक्यावर केसच राहिले नव्हते, पण रुमाल बांधल्याशिवाय त्या स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीतसुद्धा येत नसत.

दसरा झाला आणि क्रूझ बिघडलं. आधी कधीतरी, मग दर वेळी. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, गाडी वेग धरायची आणि दोन क्षणांत सोडून द्यायची. बारीकसा हिसका बसायचा. मागच्या सीटवर प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ व्हायची आणि उदयसिंहराव आरशात बघायचं टाळायचे.

प्रतापनगरला जशुभाईचं गॅरेज होतं. मराठी गिऱ्हाइकांत जन्म गेल्यामुळे तो अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलायचा.

"काका, गाडी म्हातारी झाली. आता शुं करायचं?"

"म्हातारा मीही झालोय. मलाही भंगारात घाल मग."

"तुमचे पार्ट नाही मिळत ने, काका."

जशुभाईनं फ्यूज बघितला, स्टिअरिंगच्या वायरी बघितल्या. ब्रेकच्या पेडलवर एक लहानसा स्विच असतो. पाय लागला की तो मागचे लाल दिवे लावतो आणि त्याच वेळी क्रूझला सोडायला सांगतो. तोच गेला असणार म्हणून तो नवा घातला. चाचणीला जशुभाई स्वतः बसला, तर गाडी वेग धरून झकास चालली. "बघा, चाले छे ने?" परत येताना उदयसिंहरावांनी चालवली. गाडीनं सोडलं.

"तमाराथी रिसाई गई छे," जशुभाई हसत म्हणाला. म्हणजे रुसलीय तुमच्यावर.

उदयसिंहरावही हसले. पण तिसऱ्या फेरीनंतर जशुभाईचे विनोद संपले, आणि सोमवारी तर पुन्हा अहमदाबादला जायचं होतं.

एक गोष्ट त्यांनी जशुभाईला सांगितली नव्हती, घरी तर नाहीच नाही. गणपतीच्या आधीपासून त्यांचे तळपाय वाळूत रोवल्यासारखे वाटायचे. साखर नसांपर्यंत पोचलीय, असं डॉक्टर म्हणाले होते. अनवाणी चालू नका म्हणाले होते. मऊ चपला घ्यायला लावल्या होत्या, त्या ते घालायचेही, गाडीच्या दारापर्यंत. घरात एक आजार पुरेसा होता. आणि ब्रेक तर नीट लागत होता. पाय उचलतो, दाबतो, मग गाडीचा आणि त्याचा काय संबंध?

त्यांची मुलगी राजनंदिनी सावली गावातल्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला होती. ती रोज स्कूटरवरून जायची. "आबा, शनिवारी माझ्याबरोबरच निघा. समा-सावली रस्ता सकाळी मोकळा असतो, तिथे बघा चालवून," ती म्हणाली.

दुमाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला. उदयसिंहराव पुढे, राजनंदिनी मागे. त्यांनी साठावर बटण दाबलं. सुटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा सुटलं. इतक्यात राजनंदिनीनं स्कूटर पुढे काढून हात केला आणि गाडी बाजूला घ्यायला लावली.

"आबा, रिकाम्या रस्त्यावर ब्रेक कशाला मारताय?"

"मी कुठे ब्रेक मारला?"

"मग मागचे दिवे काय हौसेनं लागतायत? दर वेळी आधी लाल दिवे, मग गाडी हळू होते."

"जशूनं स्विच नीट बसवला नसेल."

"थांबा, मी बसते शेजारी."

स्कूटरला कुलूप लावून ती आत बसली. गाडी साठावर गेली, त्यांनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. "बघ हं, आता सोडेल," ते म्हणाले आणि गाडीनं सोडलं. राजनंदिनी दिव्याकडे बघतच नव्हती.

"आबा, तुमचा पाय कुठे आहे?"

"खाली आहे. कशाला लागतोय तो?"

"बघा ना."

त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता. निवांत टेकलेला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

सगळा जन्म ड्रायव्हरकीत गेलेला. मागे साहेब बसलेले, म्हणून ॲक्सिलरेटर सोडला की पाय आपसूक ब्रेकसमोर यायचा आणि पेडलपासून बोटभर अंतरावर तयार राहायचा. ते बोटभर अंतर आता त्यांना कळत नव्हतं. मशीन सांगितल्याप्रमाणे वागत होतं. ब्रेकला पाय लागला, सोडून दिलं.

त्यांनी गाडी उभी केली. पेडलच्या रबराचा कोपरा झिजून पत्र्याची कड वर आली होती आणि तिच्यावर ओलसर काळपट डाग होता. राजनंदिनीनं त्यांचा पाय वर घेतला. अंगठ्याखाली हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं, कडा पांढऱ्या झालेल्या.

"दुखत नाही?"

"नाही गं."

"कधीपासून आहे हे?"

त्यांना ते माहीतच नव्हतं. सावलीकडे जाणारे ट्रक शेजारून निघून गेले आणि दर वेळी गाडी थोडी हलली. "सोमवारचं काय करायचं?" एवढंच ते बराच वेळ म्हणत राहिले.

अंगठा काढावा लागला. पाय वाचला, असं सगळे म्हणाले. गाडी चालवायचं त्यांनी विचारलंही नाही, डॉक्टरांनीच आपणहोऊन नको म्हणून सांगितलं. तेवढ्यात मोहनाताईंची खेप एकदा चुकली, आणखी चुकवून चालणार नव्हतं. राजनंदिनीला फक्त स्कूटर येत होती. शेवटी जशुभाईच्या ओळखीतला किरीट नावाचा ड्रायव्हर ठरवला. मोहनाताई रुमाल घट्ट बांधून मागे बसल्या आणि उदयसिंहराव पट्टी बांधलेला पाय सांभाळत त्यांच्या शेजारी.

किरीटनं ऐंशीवर लावली. गाडीनं वेग धरला तो सोडला नाही. मोहनाताईंनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता. आणंद गेलं. नडियादच्या अलीकडे त्यांची बोटं उदयसिंहरावांच्या मनगटात रुतली.

"गाडी ऊभी राख, भाई."

"एक्स्प्रेसवे पर ऊभी न रखाय, काका."

"राख म्हणतो ने."

ते दाराला धरून आधी उतरले, मग तिला उतरवलं. अंगावरची शाल दोन्ही हातांनी पसरून ते तिच्या आणि गाडीच्या मधे उभे राहिले. ट्रक गेला की शाल फडफडून सुटू बघायची. "तू सामे जो, समोर बघ," त्यांनी किरीटला ओरडून सांगितलं. ती रस्त्याकडेच्या कुंपणाला धरून वाकली होती आणि पोटात काही नसतानाही उमासे येत होते. बऱ्याच वेळानं ती सरळ झाली. तोंड पुसलं, रुमाल चाचपला.

"तो बघत होता का हो?"

गाडीच्या बाजूच्या आरशातले किरीटचे डोळे त्यांनी पाहिले होते.

"नाही," ते म्हणाले. "समोर बघतोय तो."

"मग चला," ती म्हणाली.