सदतीस जणांचे ‘येतो’

वृत्तपत्राची बेळगाव आवृत्ती बंद झाली तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी उरल्या: एक मोबाइल आणि मथळे लिहिण्याची सवय. दोन्हींचा उपयोग एकाच कामात होतो, हे काही महिन्यांत कळले. कुणाचे व्याख्यान, कुठे कुस्त्यांचे मैदान, कुठल्या तरी सोसायटीचा वर्धापनदिन. पोस्टर करायचे, ग्रुपवर टाकायचे, किती लोक येणार यासाठी ऑनलाइन फॉर्म फिरवायचा, रोज एक आठवण पाठवायची आणि कार्यक्रमाच्या दिवशी मोबाइल स्टँडवर लावून लाइव्ह दाखवायचे. प्रत्येक सभागृहात माझी जागा ठरलेली असते. शेवटची रांग, स्टँडच्या मागे. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात.

मी हिंडलग्याच्या रस्त्यावर एका खोलीत राहतो. मोबाइल दिवसभर वाजतो. बहुतेक वेळा तो ग्रुप असतो, माणूस नसतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर फोन आला तो माणसाचा होता. निपाणीच्या शाळेत आम्हाला दहावीला मराठी शिकवणारे सर. आमचे वर्गशिक्षकही तेच. आमच्यानंतर ते मुख्याध्यापक झाले, त्यामुळे स्वतः हजेरी घेतलेला तो त्यांचा शेवटचा वर्ग. त्यांनी भेटायला बोलावले. घरातले सामान खोक्यांत भरलेले होते. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन तीन वर्षे झाली होती आणि आता मुलगी त्यांना बेंगळुरूला नेणार होती. घर विकले होते. परत येण्याचा प्रश्न नव्हता. हे सगळे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

मग म्हणाले, “जाण्याआधी तो वर्ग एकदा बसलेला बघायचा आहे. हार, शाल, भाषणं काही नको. नुसता बसलेला.”

मी म्हणालो, सोपे आहे. वर्गाचा ग्रुप आहेच.

“किती येतील?”

“फॉर्म पाठवतो सर. नेमका आकडा सांगतो.”

आकडा सांगण्याचे वचन मी दिले होते, माणसे आणण्याचे नाही. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

सर वर्गात कुणाला नावाने हाक मारत नसत. हजेरी क्रमांकाने मारत. आम्ही सेहेचाळीस जण होतो. माझा एकतीस. फॉर्ममध्ये म्हणून पहिला प्रश्न तोच ठेवला. दुसरा प्रश्न, सध्याचे गाव. तिसऱ्याला दोन पर्याय होते: ‘येतो’ आणि ‘जमणार नाही’. ‘येतो’ आणि ‘येते’ असे वेगळे केले नाही. आमच्या भागात बायकाही मी येतो, मी जातो असेच म्हणतात.

प्रतिसाद चांगला होता. वर्गाचा जुना फोटो टाकला, त्याखाली बदाम आले. ‘फक्त पाच दिवस’, ‘फक्त चार दिवस’ अशी पोस्टर टाकली, अंगठे आले. प्रत्येकाला आपला क्रमांक पाठ होता. कुणीतरी पोस्टरचा निळा रंग बदलून भगवा करा म्हणाले, मग दुसऱ्याने निळाच राहू दे म्हणून लिहिले, आणि त्यावर एक दिवस गेला. पुण्यात आणि दुबईत असलेल्या चौघांनी लाइव्हची लिंक मागितली. मी ती सगळ्यांसाठीच ग्रुपवर टाकली.

एकोणचाळीस जणांनी फॉर्म भरला. सदतीस ‘येतो’. दोन ‘जमणार नाही’.

निपाणीत राहणारे अकरा जण होते. त्यांच्या घरी जाऊन सांगावे असे एकदा मनात आले होते. आमच्याकडे बोलावणे घरी जाऊनच करतात. लग्नाची पत्रिका कुणी दारात टाकून गेला तर तिला बोलावणे धरत नाहीत. पण आकडा हातात होता. त्यांच्यापैकी दहांनी ‘येतो’ दाबले होते. मी गेलो नाही.

सरांना यादी कागदावर हवी होती. क्रमांकाच्या ओळीने. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ती छापून मी बसने निपाणीला नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचली आणि खिशातले लाल पेन काढून ‘येतो’ या शब्दाखाली रेघ मारली.

“हा कुठला काळ?”

“वर्तमानकाळ, सर.”

“वर्ग कधी भरणार आहे?”

“रविवारी.”

“मग?”

“‘येईन’ पाहिजे होतं.”

“इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी केलीस की रे तू,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी यादी घडी घालून खिशात ठेवली. त्या वेळी मी ती गंमत समजलो.

रविवारी सकाळी साडेदहाची वेळ होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल घेतला होता. वाचनालयाचा शिपाई कन्नड बोलणारा, पन्नाशीचा. त्याने पन्नास खुर्च्या मांडल्या. मी त्याला रांगा वर्गासारख्या लावायला सांगितल्या, मध्ये वाट ठेवून. सर दहालाच आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात यादी आणि एक जुने रजिस्टर. टेबलामागे बसले आणि दाराकडे बघत राहिले.

अकरापर्यंत तिघे आले. तिघेही निपाणीचेच. ते पहिल्या रांगेत बसले, मग फार रिकामे दिसते म्हणून एकेक खुर्ची सोडून बसले. ग्रुपवर मात्र गर्दी होती. ‘सर्वांना शुभेच्छा’, ‘सरांना नमस्कार सांगा’, ‘ट्रॅफिकमध्ये आहे’, ‘अचानक पाहुणे आले’. लाइव्हवर एकवीस जण दिसत होते.

सव्वाअकराला खानापूरचा एक जण जिना चढून धापा टाकत आला. भाताच्या मळणीचे दिवस होते आणि त्याने फॉर्ममध्ये ‘जमणार नाही’ दाबले होते. मी त्याला दारातच विचारले, तू कसा आलास.

“अरं, अख्ख्या ग्रुपात न्हाय म्हणणारं आमी दोगंच,” तो म्हणाला. “लई लाज वाटली. मळणी भावावर टाकली आन् पहाटेची गाडी धरली. बाकीची कुठं हाईत?”

मी बाजूला झालो. त्याने हॉलकडे बघितले आणि चपला काढून, आम्ही पूर्वी बसायचो त्या अंदाजाने, तिसऱ्या रांगेत जाऊन बसला.

शिपायाने मला खुणेने विचारले, उरलेल्या खुर्च्या उचलू का. मी नको म्हणालो. तो चहा आणायला निघाला. दाराशी सरांकडे वळून “बर्तीन्री” म्हणाला. म्हणजे येतो. तेव्हा मला लाल रेघ कळली. कन्नडमध्ये काय, मराठीत काय, आमच्या भागात माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो. सदतीस जणांनी बरोबर बटण दाबले होते. तिघे सोडून बाकीच्यांनी निरोप घेतला होता.

साडेअकराला सरांनी रजिस्टर उघडले, शेजारी यादी ठेवली आणि हजेरी सुरू केली. फक्त यादीतले क्रमांक.

“एक.”

कुणी नाही. सरांनी बेताचा वेळ थांबून लाल पेनाने ‘गै’ लिहिले. गैरहजर.

“दोन.”

पाच नंबरला पहिला ‘हजर’ आला. तो माणूस उभा राहून बोलला आणि तसाच उभा राहिला, कारण बसायला सांगितलेले नव्हते. सरांनी हाताने खाली बस म्हटले.

“बारा.”

माझ्यासमोरच्या स्क्रीनवर ओळ उमटली: ‘हजर सर’. पुढे हात जोडलेले चित्र. मी ते वाचून दाखवायला नको होते. पण समोर आलेली ओळ वाचायची, ही सवय.

“सर, बारा नंबर ऑनलाइन हजर आहे.”

“कुठं आहे तो?”

“दुकानात असेल.”

“दुकान कुठं?”

“बसस्टँडजवळ.”

सरांनी मनगटावरचे घड्याळ बघितले. “मग चालत पाच मिनिटं. थांबू.”

ते थांबले. पेन रजिस्टरवर आडवे ठेवले आणि दाराकडे बघत बसले. खाली हायवेवरून येणारे ट्रक ऐकू येत होते. आम्ही सगळे दाराकडे बघत होतो आणि लाइव्हवरची माणसे आमच्या पाठींकडे. बारा नंबरलाही हे दिसत होते, ऐकू येत होते. एकवीसचे सतरा झाले, मग अकरा. त्यात बारा नंबर होता की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता. जिन्यावर पावले वाजली. शिपाई चहा घेऊन आला.

पाच मिनिटे झाल्यावर सरांनी ‘गै’ लिहिले.

“तेरा.”

त्यानंतर स्क्रीनवर कुणी काही लिहिले नाही.

“एकोणतीस. तीस. बत्तीस.”

एकतीस यादीत नव्हता. फॉर्म मी केला होता, सगळ्यांना दिवसातून दोनदा आठवण मी करत होतो. स्वतः भरायचा राहिला होता. मी स्टँडमागे उभा होतो. बत्तीसही गैरहजर होता, चौतीस आला होता, आणि हजेरी पुढे गेली. खानापूरच्याचा क्रमांकही आला नाही. त्याचे उत्तर नकाराच्या रकान्यात होते आणि ते पान सरांना मी दिलेच नव्हते. तो मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत सरळ बसून राहिला.

हजेरी संपल्यावर सरांनी वर्ग घेतला. पस्तीस मिनिटे. काळ आणि त्यांचे अर्थ. उदाहरणे देताना त्यांनी ‘येणे’ हे क्रियापद टाळले.

आकड्याप्रमाणे सांगितलेला मसालेभात आणि जिलेबी बरीच उरली. शिपाई ती शेजारच्या तालमीत देऊन आला. मी लाइव्ह बंद केले, सरांना घरी सोडले. दारात उतरल्यावर त्यांनी यादी काढली, रजिस्टरवर ठेवली, तीस आणि बत्तीसच्या मधल्या बारीक जागेत एकतीस लिहिले. खाली समासात खानापूरच्याचा क्रमांक लिहिला, तो त्यांना न विचारता आठवत होता. दोन्हीपुढे हजेरीची तिरकी रेघ मारली.

“फॉर्म न भरता वर्गात बसायचं नाही पुढच्या वेळी,” म्हणाले.

मी हो म्हणालो.

गुरुवारी ते निघणार होते. मी पहिल्या बसने बेळगावहून गेलो. ग्रुपवर वेळ कळवली होती. त्याखाली बदाम आले होते. गाडीशी मुलगी, जावई आणि शेजारच्या आक्का एवढीच माणसे होती. सरांनी कुलूप लावून किल्ली आक्कांकडे दिली, मला जवळ बोलावून रजिस्टर माझ्या हातात ठेवले आणि गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले,

“जातो.”

आक्कांनी लगेच हात वर केला. “जातो म्हनू न्हाय सर. येतो म्हना.”

“नको आक्का,” सर म्हणाले. “ते सदतीस जणांनी म्हणून झालंय.”

आक्कांना संदर्भ माहीत नव्हता. त्या माझ्याकडे बघू लागल्या. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी रजिस्टर धरून उभा होतो. मग आक्कांनी चहाला चल म्हटले. मी बसची वेळ झाली म्हणालो, वळलो, आणि सवयीने तोंडातून निघाले, येतो.