मी घासलेली कांडी आणि तिची पट्टी

धुळ्याच्या कॉलेजात मी काचसामान धुते. माझं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्याही पलीकडे. शाळा सातवीतच सुटली. तरी प्रयोगशाळेच्या मॅडमनी मला ठेवून घेतलं, वर एक काम हाताला धरून शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पाण्यात, लघवीत औषधाचा अंश आहे का, हे त्या विजेवर तपासतात. त्याला पेन्सिलीएवढी एक कांडी लागते. दर वेळी तिचं टोक ओल्या पांढऱ्या भुकटीवर इंग्रजी आठ काढत आरशासारखं घासायचं, मग त्यावर ग्राफीन नावाच्या कार्बनचा काळा थेंब वाळवायचा. घासणं माझ्याकडे. बाटल्या कोणीही धुतं, पण कांडीसाठी मलाच हाक यायची.

मग जळगावहून एक पोरगी पीएचडीला आली. डाळमिलवाल्या मारवाडी घरातली, माझ्याहून लहान. मॅडम तिला बेटा म्हणतात. मला कधी म्हणाल्या नाहीत. तिनं ग्राफीन छापलेल्या पट्ट्या आणल्या. थेंब टाका, आलेख बघा, पट्टी फेका. घासायचं नावच नाही.

"अक्का, सुटलात तुम्ही," ती हसून म्हणाली. मला जेवण जाईना. कांडी गेली तर मला कोण विचारणार?

पहिल्या चाचणीला औषध न घेतलेल्या माणसाची लघवी हवी होती. मीच पुढे झाले, निदान एवढं तरी माझ्याकडे राहू दे म्हणून. आलेख सपाट यायला हवा होता. पण पॅरासिटामॉल जिथं दिसतं, नेमका तिथंच उंचवटा आला. दुसऱ्या पट्टीवरही तेच.

"बेटा, पट्ट्या खराब दिसतायत. कांडीच बरी," मॅडम म्हणाल्या.

मला इतकं बरं वाटलं की मी घासायचं कापड भिजवायलाही घेतलं.

ती मात्र माझ्याकडे वळली. "अक्का, सकाळी काही घेतलं होतं?"

"गोळ्या नाही घेत मी."

"गोळीच असं नाही. काढा, चूर्ण?"

"अंगदुखीची पुडी. आई पाठवते, बाजारातल्या वैदूकडची. पण ती झाडपाल्याची आहे."

आमच्याकडे पुडीला कुणी औषध म्हणत नाही. चहाबरोबर घेतात.

तिनं माझ्या पिशवीतली पुडी पाण्यात ढवळून नव्या पट्टीवर टाकली. उंचवटा तिथंच.

"वैदूच्या झाडाला गोळ्या लागतात वाटतं," मॅडम म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मला, "आधी आईला फोन कर. रोज घेत असेल तर लिव्हर जाईल."

पट्ट्याच कायम झाल्या, कांडी गेली. कापड पिळून मी फोन लावला.

"माय, ती पुडी आते खाऊ नको. त्यामा गोळी कुटी टाकेल शे."

"कोनी देखं? तू?"

"नही. आठे कॉलेजमा एक पोर शे, तिनी."

"मोठी हुशार शे व ती."

मग आई तिच्याबद्दलच विचारत राहिली. कुठली, कोणाची, लग्न झालं का. मी सगळं सांगितलं. माझ्या कांडीबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं.