राजा जिना चढते का?

आजवर कितीतरी चित्रं काढली, पण चांदूर बाजारच्या त्या एका चित्रात मी जी माती खाल्ली, तिला तोड नाही. चहा घ्या, सांगते.

मी अमरावतीची. माणसांचे चेहरे काढते. अकोल्याचा माझा मित्र मिलिंद शेतं, झाडं, गुरंढोरं काढतो. मोठं काम आलं की आम्ही वाटून घेतो. आधी तो रंगवतो, मग कॅनव्हास गुंडाळून एसटीनं माझ्याकडे येतो. दोघांच्या हातांमधला सांधा कुठे दिसतो का, हे शोधायची मला अजूनही हौस आहे.

तर सुनंदाताईंचा फोन आला. चांदूर बाजारला शाळेत शिकवतात. वडिलांची पंचाहत्तरी जवळ आली होती आणि त्यांना चित्र भेट द्यायचं होतं.

"वावरात बाबा पाह्यजे, आन् बाजूले राजा पाह्यजे," त्या म्हणाल्या. "जिंदगीभर दोघं संग राबले. बाबाचा लय जीव हाये त्याच्यावर."

"राजा दिसते कसा?"

"काळा. आंग भरलेलं, मान जाडी. मुकाट्यानं काम करते."

आता तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? माझ्याही तेच आलं.

"फोटो पाठवा दोघांचा."

"बाबाचा पाठवते. राजासमोर मोबाइल धरला का तो वावरात चालला जाते. तुमी बाकीचं करून ठेवा. मी राजालेच घेऊन येते, त्याले पाहून पुरं करा."

मी लगेच मिलिंदला सांगितलं, बैल काढायचाय, काळा.

"बैलाचं माह्यावर सोड, ताई," तो म्हणाला. "तू बुढ्याचं तोंड पाह्य."

कॅनव्हास आला. काय बैल होता तो! ओल्या नाकाला हात लावावासा वाटत होता. मी शेजारी फोटोवरून बाबा काढले. आता खरा राजा आला की डोळे तेवढे जुळवायचे. पण मी राहते दुसऱ्या मजल्यावर. पुन्हा फोन केला.

"ताई, राजा जिना चढते का?"

"हळूहळू चढते. गुडघे दुखते त्याचे."

"मग खालीच सावलीत उभा करू?"

"कायले? थोडं पाणी पाजा, मंग चढते."

"खायला काय ठेवू?"

"जे द्यान ते खाते."

बैल जिना कसा चढतो हे बघायची मला अशी उत्सुकता लागली, की मी खालच्या शेजाऱ्यांना स्कूटर हलवायला लावली. बैलाला आवरायला मिलिंदला अकोल्याहून बोलावलं. तो येताना हिरव्या चाऱ्याचा भाराच घेऊन आला.

दारात ऑटो थांबला. सुनंदाताई उतरल्या. मागून एक काळेसावळे, धिप्पाड गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवत उतरले. मी रस्त्याकडे बघतच होते.

"राजा मागून येऊन राहिला का? टेम्पोत?"

"हा काय राजा," सुनंदाताई म्हणाल्या. "माहा काका. बाबाचा लहाना भाऊ. आमी सारे त्याले नावानंच हाका मारतो."

आमच्या वऱ्हाडात काकालाही 'तो येते, तो खाते' असंच म्हणतात. मी तरी कुठली? इथलीच ना?

काका मिलिंदच्या हातातल्या चाऱ्याकडे बघत होते. "गाय पाळली का तुमी?"

"विचार चालू हाये," मिलिंद म्हणाला.

वर नेऊन मी सगळं कबूल केलं. सुनंदाताईंनी कपाळाला हात लावला. काका मात्र चित्राजवळ गेले आणि बराच वेळ बैल न्याहाळत राहिले.

"लय बेस बैल हाये. याले मिटवू नका. मी याच्या पल्याड उभा राहतो." मग त्यांनी बोट दाखवलं. "पण हा माणूस कोण हाये?"

"तुमचे भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा नीट पाहिलं. "दादा? हा?"

मिलिंद खिडकीबाहेर बघायला लागला.

"माहं तोंड कोण काढन?" काकांनी विचारलं.

"चेहरे मीच काढते, काका."

 काका खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

"बाई," ते म्हणाले, "माही पाठच काढा."