फळ्यावरची कादंबरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आर्वीच्या एका वाचनालयात नोकरीला होतो तेव्हा दर महिन्याला मी फळ्यावर 'नव्या वाचनीय कादंबऱ्या' लिहायचो, आणि त्यातली एकही मी वाचलेली नसायची. मलपृष्ठावरचा मजकूर मला पुरायचा.

सरकी काढणाऱ्या जिनिंगमधला एक कामगार दर शनिवारी यायचा. त्याच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. पुस्तकाला हात लावण्याआधी तो तळवे सदऱ्याला पुसायचा. खातं बायकोच्या नावावर होतं, त्यामुळे त्याचं नाव मला कधी कळलंच नाही. ती अंथरुणाला खिळलेली होती आणि तो तिला वाचून दाखवायचा.

एकदा मी सुचवलेली नवी कादंबरी हातात घेऊन त्यानं विचारलं, "याच्यातली बाई बिमार हाय म्हंता. आखरीले बरी होते ना जी?"

"होते, होते. डोळे झाकून न्या."

पुढच्या शनिवारी त्यानं ती हळूच टेबलावर ठेवली.

"मरते जी ते बाई. मी वाचता वाचता तिले जित्ती ठेवली, पण माह्या बायकोनं माहं तोंड पाह्यलं. आता ते म्हंते, पुस्तक नोको, दवाई बी नोको." मग त्यानं विचारलं, "तुमी वाचलती ना?"

"वाचली होती," मी म्हणालो.

"मंग माह्याच वाचण्यात काई चुकलं असन," असं म्हणून तो गेला. पुन्हा आला नाही.

त्या माणसाला मी 'नाही वाचली' एवढं उत्तर अजून देणं लागतो.