आबांच्या पिकअपमधलं गेटचं बटण

आबांच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर, हेडलाइटच्या बटणाशेजारी, एक जादा बटण आहे. ते दाबलं की आमच्या कंपाउंडचं लोखंडी गेट सरकतं. ते मी बसवलं. बसवताना कुणाची परवानगी घ्यावीशी वाटली नव्हती, आणि आजही वाटत नाही.

कंपाउंड सुरतेत, उधन्यात आहे. समोरासमोर नऊ-नऊ, असे अठरा गाळे. शेवटचा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाड्यानं घेतलाय, रीतसर करार करून. त्याआधी त्यांची निम्मी हयात लूमवर गेली, मग काही वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवण्यात, आणि शेवटी ही पिकअप स्वतःची झाली. कारखान्यांतून कोऱ्या कापडाचे ताके उचलायचे, गाळ्यात आणून तपासायचे, घड्या घालायच्या आणि रंगाईच्या मिलमध्ये पोचवायचे, हा त्यांचा धंदा. गाळ्यावर पाटी त्यांच्या नावाची आहे. गेटवर मात्र ते ड्रायव्हरच होते.

गेटला मोटर बसली तेव्हा गाळेवाल्यांना रिमोट वाटले गेले. आबांना दिला नाही, आणि त्यांनी मागितला नाही. मालाच्या गाड्यांसाठी नियम वेगळा होता. गेटवर येऊन हॉर्न द्यायचा, थांबायचं, वॉचमन आला की रजिस्टरात नाव लिहायचं, मग गेट उघडणार. वॉचमनचा चहा चालू असला तर अजून थांबायचं. म्हणून आबा गेटवर आले की आधी किल्ली फिरवून गाडी बंदच करायचे. उगाच डिझेल कशाला जाळायचं.

हे मला कित्येक महिने माहीतही नव्हतं. एकदा घरून घड्या घालायचं टेबल न्यायचं होतं म्हणून मी शेजारी बसून गेले, आणि डोळ्यांनी पाहिलं. आबा खाली उतरले. वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. आबांनी नाव लिहिलं, वॉचमननं पुढच्या रकान्यात ‘ड्रायव्हर’ लिहिलं, आणि आबांनी त्यापुढे सही केली. मागच्या पानांवरही तेच. नाव, ड्रायव्हर, सही. दिवसातून तीन-तीन वेळा. तेवढ्यात मागून चार नंबरवाल्यांची कार आली, काच खाली न करता गेट उघडून आत गेली, आणि आबा बाजूला सरकून उभे राहिले.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, हे रोजचं आहे का. ते म्हणाले, “जाऊ दे ना. पाच मिनिटनी गोट शे.”

पाच मिनिटांची गोष्ट असेल. पण मी ती जाऊ दिली नाही.

माझ्याबद्दल एवढं सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. नवागामच्या एका खोलीत राहून, महापालिकेच्या मराठी शाळेतून शिकून, इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. झाले. निकालाच्या दिवशी नातेवाइकांनी विचारलं होतं, आता हिला कोण नोकरी देणार. आज मी लूमच्या कंट्रोल कार्डांची दुरुस्ती करते, आणि मोठमोठे कारखानदार माझ्या टेबलासमोर कार्ड हातात धरून उभे असतात. याचा मला गर्व आहे. लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आबांना घेऊन कंपाउंडच्या ऑफिसात गेले. तिथे प्रमुख बसले होते, म्हणजे असोसिएशनचे अध्यक्ष, त्यांचे स्वतःचे तीन गाळे. सुरतेत आम्हा मराठी लोकांना सरसकट ‘भाऊ’ म्हणतात. माणूस कोणताही असो, भाऊ. प्रमुखांनी माझ्याकडे न बघता, माझ्यामागे उभ्या आबांना सांगितलं, “भाऊ, डायवर लोकोने रिमोट नथी आपता.” म्हणजे ड्रायव्हरांना रिमोट देत नाहीत.

मी नियमांची पुस्तिका मागितली. कपाटावरून काढून, धूळ झटकून दिली त्यांनी. मला गुजराती वाचता येतं हे त्यांच्या ध्यानात नसावं. सातव्या पानावर लिहिलं होतं, प्रत्येक गाळ्याला एक रिमोट. गाळा मालकीचा की भाड्याचा, गाळेवाला कारमधून येतो की पिकअपमधून, यातलं काही लिहिलं नव्हतं. मी ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, कारण पहिल्यांदा त्यांनी फोन उचलला होता.

रिमोट मिळाला. काळा, काडेपेटीएवढा, दोन बटणांचा. आबांनी तो समोरच्या काचेपाशी ठेवला.

वीसेक दिवस टिकला. मग वॉचमननं सांगितलं, चेकिंगसाठी प्रमुखसाहेबांनी मागितलाय. चेकिंग आठ दिवस चाललं, आणि त्या आठ दिवसांत पुन्हा हॉर्न, पुन्हा रजिस्टर. रिमोट परत आला, पंधरा दिवसांनी पुन्हा चेकिंगला गेला. बाकी सतरा गाळ्यांतला एकही रिमोट चेकिंगला गेला नव्हता, मी जाऊन विचारलं होतं. आबांना विचारलं, तुम्ही देता कशाला? ते म्हणाले, मागितला, दिला. आयुष्यभर त्यांनी हेच केलंय. शेठनं रविवार मागितला, दिला. मुकादमानं दोन लूमऐवजी चार सांभाळायला सांगितले, सांभाळले.

दुसऱ्यांदा रिमोट परत आला त्या रविवारी मी पिकअप दारात उभी करून घेतली आणि डॅशबोर्ड खोलला. मनात एकच होतं. आता न्यायचा असेल तर गाडीच न्या.

काम अवघड नाही. रिमोटचं कवच काढलं, आतलं छोटं कार्ड बाहेर घेतलं. बटणाच्या दोन टोकांना दोन वायरी डाग देऊन जोडल्या आणि त्या डॅशबोर्डातल्या बटणापर्यंत नेल्या. रिमोटचा सेल बारा व्होल्टचा, गाडीची बॅटरीही म्हणायला बाराची, पण इंजिन चालू असताना ती चौदाच्या वर जाते. म्हणून मध्ये एक लहानसा रेग्युलेटर घातला. खरं तर वीज किल्लीवरून घ्यायची, म्हणजे गाडी बंद तर रिमोट बंद. पण आबा गेटवर गाडी बंद करतात. ती सवय एका दिवसात सुटणार नव्हती. म्हणून मी थेट बॅटरीवरून घेतली.

बटणावरून आमचं वाजलं. मी दाबलं की परत वर येणारं बटण आणलं होतं, दारावरच्या बेलसारखं. आबांनी ते तीनदा दाबून पाहिलं आणि मान हलवली. “दाबं ते दाबेल दिसाले पाहिजे,” म्हणाले.

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. लूमच्या खात्यात इतका आवाज असतो की स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. कोणता लूम चालू आणि कोणता बंद हे कान सांगत नाहीत, डोळे सांगतात. दांडा ओढला की तो ओढलेला राहतो. दांडा पुढे म्हणजे लूम चालू. धागा तुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ज्या माणसानं वर्षानुवर्षं असं काम केलं, त्याला दाबल्यावर काहीच झालं नसल्यासारखं परत वर येणारं बटण म्हणजे खोटारडं वाटणारच. मी फॉग लाइटचं बटण बसवलं, दाबलं की आत बसणारं. सांगितलं, दाबायचं, गेट हललं की परत दाबून सोडायचं. ते चूक आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. वडिलांना बरं वाटावं म्हणून केलं. बी.एस्सी. होऊन केलं.

दोन दिवस आबांनी बरोबर दाबलं-सोडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. कंपाउंडात गोंधळ आहे, कुणाचाच रिमोट चालत नाही. प्रमुखांची कार बाहेर उभी आहे, वॉचमन हातानं गेट ढकलतोय, मोटर कंपनीचा माणूस आलाय. मी विचारलं, तुम्ही सकाळी कसे आत आलात. ते म्हणाले, बटणानं, झकास उघडलं. मग मी विचारलं, बटण आता आत आहे की बाहेर.

फोनवर पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला. मग, “आत.”

सकाळपासून आमचा रिमोट गेटला एकसारखा हाक मारत होता. गाडी बंद, आबा घड्या घालत बसलेले, आणि रिमोट थेट बॅटरीवर चालूच. एक माणूस अखंड ओरडत असला तर बाकी सतरांचं गेटला कसं ऐकू येणार? मी म्हटलं, हात लावू नका, मी येते.

मी पोचले तेव्हा मोटर कंपनीचा माणूस गेटच्या पेटीतलं कार्ड काढून ते जळालंय असं सांगत होता. कार्ड धडधाकट होतं. दिवसभर मी तेच बघते, मला लांबूनही कळतं. बटण गुपचूप बाहेर काढलं असतं तर नवं कार्ड बसलं असतं, गेट चाललं असतं, आणि आमचं नाव कुठेच आलं नसतं. गाळ्यात उभी राहून मी आबांना हे सगळं समजावलं. म्हटलं, सांगितलं तर ते तुमचा रिमोट कायमचा काढून घ्यायला बघतील. ठरवा.

आबांनी हातातला ताका खाली ठेवला. म्हणाले, “सांगी दे. पन माफी मांगू नको.”

त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

ऑफिसात सात-आठ गाळेवाले होते. मी गुजरातीत सांगितलं. कार्ड जळालेलं नाही, बिघाड आमच्या पिकअपमुळे झाला, बटण मी चुकीचं निवडलं. मग सगळ्यांना पिकअपपाशी नेऊन आबांना बटण बाहेर काढायला लावलं आणि जुनं कार्ड परत बसवून घेतलं. पहिल्याच झटक्यात प्रमुखांच्या रिमोटनं गेट उघडलं. चार नंबरवाले हसले. प्रमुख हसले नाहीत. रिमोट काढून इथे जमा करा, म्हणाले, आणि माफीपत्र लिहून द्या.

मी म्हटलं, लिहून देते. ऑफिसात परत येऊन टेबलावरचाच कागद घेतला आणि गुजरातीत, सुवाच्य अक्षरात, काय झालं, का झालं, ते लिहिलं. बटण आजच बदलत आहे. वीज यापुढे किल्लीवरून असेल. रिमोट अठरा नंबर गाळ्याचा आहे आणि त्याच गाळ्याच्या गाडीत राहील. खाली नाव, त्यापुढे बी.एस्सी. ते लिहायची गरज नव्हती. तरी लिहिलं.

प्रमुखांनी माफी शोधत कागद उलटसुलट पाहिला. “आमां माफी क्यां छे?”

“भूल छे, ए लखी छे,” मी म्हटलं. “माफी नथी.”

मग ते आबांकडे वळले. मुलगी अडली तर बाप वाकतो, हे त्यांना ठाऊक होतं. अगदी गोड आवाजात म्हणाले, भाऊ, तुम्ही तर समजूतदार आहात. आबांनी पेन मागितलं. मला वाटलं, आता हे ‘माफी’ लिहितात की काय. ते वाकले आणि माझ्या नावाखाली मराठीत, एकेक अक्षर जोडत, लिहिलं: गाळा नंबर अठरा. त्यापुढे सही केली. पेन परत दिलं. म्हणाले, माल मिलला पोचवायचाय, निघतो.

संध्याकाळी मी परत वर येणारं बटण बसवलं, आणि त्याच्या शेजारी एक तांबडा दिवा. दाबलं की लागतो, सोडलं की विझतो. आबांना दिसायला हवं होतं, ते रास्तच होतं. ते मला आधी सुचायला हवं होतं. आता ते गेटवर गाडी बंद करत नाहीत, केली तर दिवा लागत नाही.

प्रमुख गप्प बसलेले नाहीत. येत्या बैठकीत नवा नियम आणतायत, रिमोट गाडीत बसवायला बंदी. भाडेकरूंना मत नाही. बोलू देतील का, ते बघू. मी बोलणार आहे. परवा आबांनी विचारलं, बैठक किती वाजता. मी म्हटलं, सकाळी, तुमची फेरी असते तेव्हाच.

म्हणाले, “फेरी दुपारनी करसू. मी बी बैठकले येसू.”