आधी दोरी बघितली, मग खोली

बायांनो, आत्ताच नांदेडहून उदगीरला घरी पोचले. पाय दुखून राहिलेत, पण सांगितल्याबिगर झोप यायची न्हाई.

आमच्या पूजाचा विद्यापीठात नंबर लागला. राहायची सोय झाली तरच शिकायचं, असं तिच्या बापानं बजावलेलं. म्हणून सामान घेऊनच गेलो.

पहिलं खाजगी हॉस्टेल चकचकीत होतं. पूजा लगेच खूश. मालकीण म्हणली, "ताई, दुष्काळ असला तरी पाण्याची काळजीच नको." मी सरळ गच्चीवर गेले. एवढ्या पोरी राहतात अन् दोरीवर एक रुमाल न्हाई! विचारलं तर म्हणे, "पोरी कपडे धुवायला घरी नेतात."

विद्यापीठाच्या हॉस्टेलात भिंतीचे पोपडे निघालेत, पण मागच्या दोऱ्या ओल्या कपड्यांनी वाकलेल्या. म्हणलं, "पूजे, भर अर्ज."

कारणाच्या जागी ती मोठमोठे शब्द जुळवत बसली. "अगं, सरळ लिही, उदगीरहून रोज येणं-जाणं होत न्हाई." तेवढंच लिहिलं. वॉर्डनबाईंनी वाचून लगेच खोली दिली.

मी एसटीत बसले तोवर फोन आला. "आई, दोन बादल्या पाण्यानं अंघोळ केली गं!"

पाणी जपून वापर म्हणून ओरडणार होते. न्हाई ओरडले. बरोबर केलं ना?